अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि युद्धाचा अधिकार



जून १९५० मध्ये उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिण कोरियात घुसल्या, तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आठवडाभराच्या आत आपले आरमार, विमानदल आणि पायदळ त्या लढाईत उतरवले. देशाच्या विधिमंडळाने युद्ध पुकारलेले नव्हते आणि ट्रूमन यांनी त्याची रीतसर संमतीही मागितली नव्हती. ती लढाई तीन वर्षे चालली आणि तीत सुमारे ३६ हजार अमेरिकन सैनिक प्राणास मुकले. राष्ट्राध्यक्षांचा हात कोणत्याही न्यायालयाने धरला नाही. पुढे एप्रिल १९५२ मध्ये, हीच लढाई चालू असताना, सैन्याला पोलाद कमी पडू नये म्हणून त्याच ट्रूमन यांनी देशातील बहुतेक सर्व मोठे पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. आणि आठ आठवड्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ते परत करावयास लावले!

लाखो माणसे समुद्रापार लढावयास धाडणाऱ्या सत्ताधीशाला स्वतःच्याच देशातील कारखान्यावर सरकारी अंमल बसवता येत नाही, हे कोडे वाटण्यासारखे आहे. कोड्याचे हे दोन भाग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे, युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेला मर्यादा कोण घालतो आणि ती मर्यादा कशाने टिकते किंवा झिजते, हे चांगले कळते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

आरंभीच दोन शब्दांचा खुलासा केलेला बरा. आपल्या घटनेच्या ५३व्या कलमाप्रमाणे संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. परंतु ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तसा नव्हे. तो राष्ट्राचा प्रमुखही आहे आणि राज्यकारभाराचा प्रमुखही. त्याचे मंत्री त्याने नेमलेले असतात आणि विधिमंडळाने अविश्वास दाखवला म्हणून तो पायउतार होत नाही. दुसरा शब्द ‘काँग्रेस’. तेथे हे पक्षाचे नाव नसून प्रतिनिधिसभा आणि सिनेट मिळून होणाऱ्या विधिमंडळाचे नाव आहे. ह्या दोन सत्ता एकमेकींपासून अलग ठेवलेल्या आहेत, आणि आपला सारा प्रश्न त्या दोहोंमधल्या सीमेवरचा आहे.

ही सीमा १७८७ साली फिलाडेल्फिया येथे आखली गेली. जमलेल्या घटनाकारांसमोर इंग्लंडच्या राजाचे उदाहरण ताजे होते. सैन्य उभारणे आणि युद्ध पुकारणे हे दोन्ही अधिकार तेथील परंपरेने राजाचे मानले होते. घटनाकारांनी ते हेतुपुरस्सर वेगळे केले. युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे, आरमार बाळगणे आणि ह्या सर्वांसाठी पैसा मंजूर करणे हे अधिकार त्यांनी काँग्रेसला दिले. सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळाचा पैसा मंजूर करता येणार नाही, अशी मेखही मारून ठेवली. राष्ट्राध्यक्षाला त्यांनी सरसेनापतिपद दिले. म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर ते चालवावयाचे कोणी, हे ठरवून टाकले. तलवार एकाच्या हाती, तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी होती.

तेथल्या चर्चेतील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूळ मसुद्यात काँग्रेसला ‘युद्ध करण्याचा’ अधिकार दिला होता. १७ ऑगस्ट १७८७ रोजी मॅडिसन आणि गेरी ह्या दोन सभासदांनी ‘करण्याचा’ ह्या शब्दाऐवजी ‘पुकारण्याचा’ हा शब्द सुचवला. शत्रूने अकस्मात हल्ला केला तर काँग्रेस भरण्याची वाट पाहत बसणे वेडेपणाचे होईल, तेव्हा असा हल्ला परतवण्यापुरता मोकळा हात राष्ट्राध्यक्षाला असावा, हा त्यांचा अभिप्राय होता. दारावर चोर आला तर रखवालदाराने काठी उगारावी, त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी नको. परंतु ‘उद्या येईल’ म्हणून आज शेजारच्या गावी जाऊन मारामारी करण्याचा परवाना त्याला नाही. पुढील दोन शतकांतला बहुतेक वाद ह्या एका क्रियापदाच्या फरकावर उभा आहे.

रखवालदाराच्या काठीची पहिली कठोर परीक्षा यादवी युद्धात झाली. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेकडील बंडखोर राज्यांनी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या, तेव्हा काँग्रेस भरलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आपल्या अधिकारात दक्षिणेची बंदरे रोखली, सैन्य वाढवले, आणि अटकेतील माणसाला न्यायालयापुढे आणण्याचा जो हक्क इंग्रजी कायद्याच्या परंपरेत पवित्र मानलेला आहे, तोही काही भागांपुरता स्थगित केला. ह्यातील काही गोष्टी आपल्या अधिकाराच्या पलीकडे असतील, ह्याची त्यांना जाणीव होती. म्हणूनच त्यांनी ४ जुलैला काँग्रेसची खास बैठक बोलावली, केलेले सारे तिच्यापुढे ठेवले आणि संमती मागितली. सैन्य आणि आरमार ह्यांबाबतच्या कृत्यांना काँग्रेसने ऑगस्टमध्ये मान्यता दिली. बंदरे रोखण्याचे कृत्य सर्वोच्च न्यायालयाने १८६३ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, वैध ठरवले. मात्र युद्ध संपल्यावर १८६६ साली त्याच न्यायालयाने दुसरीही बाजू सांगितली. इंडियाना राज्यातील मिलिगन नावाच्या नागरिकाला लष्करी मंडळापुढे उभे करून मृत्युदंड फर्मावलेला होता. जेथे दिवाणी सत्तेची न्यायालये उघडी आहेत, तेथे सैनिक नसलेल्या माणसाचा न्याय लष्कराने करता कामा नये, असे सांगून न्यायालयाने त्याला मुक्त केले.

लिंकनचे उदाहरण पुढील अनेक राष्ट्राध्यक्षांनी आपल्या समर्थनार्थ दिले. देताना मात्र त्याचा उत्तरार्ध बहुधा गाळला. लिंकनने आधी केले हे खरे. पण त्याने नंतर विचारलेही.

आता कोरियाकडे वळू. ट्रूमन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीच्या ठरावांचा आधार घेतला, आणि एका वार्ताहराने ‘मग ही पोलिसी कारवाई म्हणावयाची काय?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यास होकार दिला. युद्ध नव्हेच, तर युद्ध पुकारण्याचा प्रश्न कोठे येतो? सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांनी लगेच हरकत घेतली की हा काँग्रेसच्या अधिकारावरील घाला आहे. परंतु ठराव मांडला गेल्यास आपण त्याच्या बाजूने मत देऊ, असेही ते म्हणाले. ठराव मांडला गेला नाही. काँग्रेसने सक्तीच्या सैन्यभरतीची मुदत वाढवली, पैसा मंजूर केला, आणि मूळ प्रश्नावर मौन राखले. ह्या मौनाचे महत्त्व पुढे दिसेल.

पोलादाच्या प्रकरणात मात्र काँग्रेस आधीच बोलून चुकली होती. प्रकरण असे: कामगारांची संघटना आणि मालक ह्यांच्यातील करार १९५१ च्या अखेरीस संपला. सरकारी मंडळाने वेतनवाढीची शिफारस केली; पोलादाचे भाव पुरेसे वाढवू दिल्याशिवाय ती देणार नाही, असे मालकांनी सांगितले. ९ एप्रिल १९५२ पासून संप ठरला. आदल्या रात्री ट्रूमन यांनी रेडिओवरून भाषण केले आणि कारखाने ताब्यात घेण्याचा हुकूम व्यापारमंत्री सॉयर यांना दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काँग्रेसला कळवले की, आपणास दुसरा मार्ग योग्य वाटत असल्यास तसे ठरवावे. काँग्रेसने काहीच ठरवले नाही.

मालक न्यायालयात गेले. तेथे सरकारी वकिलाने एक विधान केले, ते सरकारला फार महागात पडले. आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेला मतपेटी आणि महाभियोग ह्या दोनच मर्यादा आहेत, अशा अर्थाचे ते विधान होते. म्हणजे मधली चार वर्षे कायदा निद्रिस्त! वर्तमानपत्रांतून गहजब झाला आणि खुद्द ट्रूमन यांना त्या विधानापासून दूर सरावे लागले. न्यायाधीश पाइन यांनी सरकारविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि २ जून १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायम केला.

ते नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रूमन ह्यांनीच नेमलेले होते. विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकी न्यायमूर्ती क्लार्क हे तर पूर्वी ट्रूमन यांचेच महान्यायवादी होते. मुख्य निकाल न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिला. खासगी मालमत्ता सरकारजमा करावी की नाही हे ठरवणे म्हणजे कायदा करणे होय. कायदा करणे हे काँग्रेसचे काम. आणि सरसेनापतीची रणभूमी देशातील कारखान्यांपर्यंत ताणता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

परंतु पुढील काळात अधिक वजन आले ते न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या स्वतंत्र मताला. हे गृहस्थ रूझवेल्टचे महान्यायवादी होते आणि १९४१ साली त्यांनी स्वतःच विमानांचा एक कारखाना सरकारने ताब्यात घेतल्याचे समर्थन केले होते. न्युरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांविरुद्धचा अमेरिकेच्या बाजूचा खटलाही त्यांनीच चालवला होता. जर्मन घटनेतील आणीबाणीच्या कलमाने हुकूमशाहीला वाट कशी करून दिली, हे त्यांनी जवळून अभ्यासले होते. त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेचे तीन वर्ग पाडले.

हे तीन वर्ग आपल्या एकत्र कुटुंबातील कर्त्याच्या दाखल्याने सहज समजतील. सर्व भावांनी सह्या करून दिल्या असतील, तर कर्त्याच्या शब्दाला साऱ्या घराचे वजन येते. त्याचप्रमाणे काँग्रेसने स्पष्ट अधिकार दिला असेल, तेव्हा राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत मोठी असते. भाऊ होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, तर काय चालेल हे प्रसंगावर अवलंबून राहते. हा दुसरा, धूसर वर्ग. आणि भावांनी ‘हे करू नकोस’ असे बजावले असताना कर्ता तेच करील, तर त्याच्यापाशी केवळ स्वतःचा हक्क उरतो, आणि त्यातूनही भावांचा हक्क वजा करावा लागतो. १९४७ साली कामगारविषयक कायदा करताना कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला द्यावा काय, हा प्रश्न काँग्रेसपुढे आला होता आणि तिने तो अधिकार नाकारला होता. संप ८० दिवस थोपवण्याचा निराळा मार्ग त्या कायद्याने दिलेला होता. ट्रूमन यांनी तो वापरला नाही. म्हणून पोलादाचे प्रकरण तिसऱ्या वर्गात पडले आणि राष्ट्राध्यक्ष हरले.

आता आरंभीचे कोडे सुटते. कोरियात सैन्य धाडताना काँग्रेस गप्प होती. कारखान्यांच्या बाबतीत ती पूर्वीच ‘नाही’ म्हणाली होती. न्यायालयाने जी भिंत दाखवली ती काँग्रेसने अगोदर बांधलेली होती. जेथे भिंतच बांधलेली नसेल, तेथे न्यायालय ती सहसा आपण होऊन उभारत नाही. कारखाने परत गेले, संप झाला, ५३ दिवस चालला आणि मिटला. देश बुडाला नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग दोन्ही सत्ता एकत्र आल्या की सारे क्षेम आहे. तसे मुळीच नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. ते सुमारे १ लाख २० हजार होते आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. काँग्रेसने पाठोपाठ कायदा करून त्या हुकुमाला बळ दिले. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान डोलावली. विरोध करणाऱ्या तिघांत जॅक्सन होते. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९८८ मध्ये, काँग्रेसने कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. भयाच्या लाटेत तिन्ही सत्ता एकाच दिशेने वाहत गेल्या, तर कागदावरची मर्यादा कोणाला वाचवत नाही.

काँग्रेसने सही करून द्यावी, पण डोळे मिटून, ह्याचे उदाहरण व्हिएतनामचे. ऑगस्ट १९६४ मध्ये टाँकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर हल्ले झाल्याचे सांगण्यात आले. दोन हल्ल्यांपैकी दुसरा झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. परंतु त्या घाईत काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना आवश्यक ती सर्व उपाययोजना करण्याची मुभा दिली. प्रतिनिधिसभेत विरुद्ध एकही मत पडले नाही, सिनेटमध्ये दोनच पडली. त्या एका ठरावाच्या आधारे पाच लाखांवर सैन्य व्हिएतनामात गेले आणि ५८ हजारांवर अमेरिकन मेले. व्हिएतनामी लोकांची हानी तर त्याच्या कित्येक पट होती. जानेवारी १९७१ मध्ये काँग्रेसने तो ठराव रद्द केला. बैल गेला आणि झोपा केला, अशातलाच हा प्रकार! मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियावर गुप्तपणे बाँबफेकही केली होती.

तरीही त्या दशकात मर्यादा पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न झाले, हे सांगितले पाहिजे. जून १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा गुप्त सरकारी इतिहास छापण्यास वृत्तपत्रांना बंदी करावी, ही सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळली. राष्ट्राची सुरक्षितता हा शब्द उच्चारला की छापखाना बंद पडलाच पाहिजे, असे नाही, हे त्यातून ठरले. १९७३ साली काँग्रेसने तिजोरीची किल्ली फिरवली आणि १५ ऑगस्टपासून कंबोडियावरील बाँबफेक थांबली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला निक्सन यांचा नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी झुगारून युद्धाधिकारांचा ठराव कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवावे, आणि तिने संमती न दिल्यास ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवस घेऊन, ते परत आणावे, असा त्याचा सारांश आहे.

ह्या कायद्याची पुढची कथा तितकीशी उत्साहजनक नाही. सैन्य परत आणण्याचा हुकूम काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाच्या सहीवाचून द्यावा, अशी त्यात तरतूद होती. परंतु १९८३ साली एका निराळ्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहीवाचूनचे असे निर्णय घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ह्या तरतुदीतलाही जीव गेल्यासारखा झाला. तेव्हापासून युद्ध थांबवणाऱ्या ठरावावर नकाराधिकार चालतो आणि तो मोडण्यास दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे घटनाकारांची व्यवस्था उलटी झाली. युद्धात शिरण्यासाठी बहुमत हवे होते. आता बाहेर पडण्यासाठी दोन तृतीयांश हवे! येमेनमधील लढाईविषयीचा ठराव २०१९ मध्ये आणि इराणविषयीचा २०२० मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो नाकारला आणि नकार टिकला.

हा दोष एका पक्षाचा नव्हे. १९९९ साली क्लिंटन यांच्या काळी कोसोव्होसाठी ७८ दिवस बाँबफेक चालली. त्या मोहिमेला पाठिंबा देणाऱ्या ठरावावर प्रतिनिधिसभेत २१३ विरुद्ध २१३ अशी बरोबरी झाली आणि तो पडला, तरी विमाने उडत राहिली. २०११ साली लिबियात ६० दिवस उलटून गेले, तेव्हा ओबामा सरकारने सांगितले की कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’ ही नव्हेच. १९५० ची ‘पोलिसी कारवाई’ निराळ्या पोशाखात परत आली, एवढेच.

न्यायालयाने मात्र एक दार उघडे ठेवले आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काँग्रेसने बळाचा वापर करण्याचा विस्तृत अधिकार दिला. त्याखाली अफगाणिस्तानात पकडलेल्या हमदी नावाच्या अमेरिकन नागरिकाला, खटला न भरता, अनिश्चित काळ डांबून ठेवले होते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानबद्धतेचा अधिकार काँग्रेसच्या ठरावातून निघतो. परंतु आपल्यावरील आरोप खोडून काढण्याची संधी निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे त्याला मिळालीच पाहिजे. युद्ध म्हणजे कोऱ्या धनादेशावरची सही नव्हे, असा त्याचा भावार्थ होता. एक माणूस, एक कोठडी, एक लेखी हुकूम अशी ठोस बाब पुढे आली की न्यायालय बोलते. फौजा पाठवाव्या की नाही ह्या प्रश्नावर ते बहुधा बाजूला सरते.

ह्यावर एक सबळ आक्षेप आहे. आजची क्षेपणास्त्रे काही मिनिटांत येऊन पडतात. तेथे ५३५ सभासदांची चर्चा कशी परवडेल? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे आणि मॅडिसन-गेरी यांनी तो १७८७ सालीच मान्य केला होता: हल्ला परतवण्यास परवानगी नको. पण कोरियातील तीन वर्षे, व्हिएतनाममधील दशक, लिबियातील महिने ही काही मिनिटांची प्रकरणे नव्हती. चर्चेला वेळ होता. टाळली गेली ती जबाबदारी. युद्ध यशस्वी झाले तर टाळ्या वाजवता येतात, फसले तर राष्ट्राध्यक्षाकडे बोट दाखवता येते. मत नोंदवलेले नसले की सभासद दोन्हीकडून सुरक्षित! अमेरिकेने रीतसर घोषणा करून लढलेली युद्धे पाचच आहेत, आणि शेवटची घोषणा १९४२ सालची आहे. त्यानंतरच्या साऱ्या लढाया ह्या सोयीस्कर मौनाच्या किंवा सैल शब्दांत दिलेल्या संमतीच्या छायेत झाल्या.

म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या युद्धसत्तेची मर्यादा कोठे आहे, असे कोणी विचारले, तर घटनेतील कलमाकडे बोट दाखवून भागत नाही. काँग्रेसने वेळेवर काय म्हटले, हे पाहावे लागते. आणि तिचा सभासद आपल्या मतदारांकडे परत गेला, तेव्हा ‘त्या दिवशी तुमचे मत काय पडले?’ असे त्याला कोणी विचारले का, हेही पाहावे लागते. हा प्रश्न विचारणारे लोक ज्या गावात आहेत, तेथील सभासदाला गप्प बसणे महाग पडते. ज्या गावात ते नाहीत, तेथील मुले मात्र कोणीही मत न दिलेल्या युद्धावर जातात.